होल्डनला माफी कशाबद्दल?

अमेरिकेत महाभियोग चालवून पदावरून काढलेला पहिला गव्हर्नर म्हणजे नॉर्थ कॅरोलिनाचा विल्यम वूड्स होल्डन. तारीख 22 मार्च 1871. त्याच राज्याच्या सिनेटने 2011 मध्ये त्याला माफी दिली. (गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राजभवनातला राज्यपाल नव्हे. लोकांनी निवडून दिलेला, राज्याचा खराखुरा कारभारी.) त्याच्यावर आठ आरोप होते. ते वाचताना एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते, ती म्हणजे त्यात पैसे खाल्ल्याचा आरोप नाही. होल्डनच्या कारकिर्दीत रेल्वेच्या रोख्यांचा भलामोठा घोटाळा झाला होता. स्वेपसन आणि लिटलफील्ड या दोघांनी राज्याच्या नावावर उचललेला पैसा कुठल्या कुठे जिरवला. गव्हर्नरला घरी बसवायला एवढं निमित्त पुरेसं होतं. पण त्या पैशात दोन्ही पक्षांतल्या बड्या लोकांचे हात ओले झाले होते, त्यामुळे ते भांडं कोणीच फोडलं नाही. आठही आरोप फिरून फिरून एकाच जागी येतात. कू क्लक्स क्लॅनचा, म्हणजे कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त टोळ्यांचा, बंदोबस्त करायला त्याने फौज उभी केली, माणसं पकडली, कोर्टाचा हुकूम असूनही ती हजर केली नाहीत आणि फौजेचा खर्च तिजोरीतून भागवला.

यातले काही आरोप खरे होते. होल्डनच्या बाजूने लिहिणारे ही गोष्ट बहुधा घाईघाईने ओलांडून जातात, म्हणून आधीच सांगून टाकतो. आरोप खरे असूनही निकाल अन्यायाचा होता आणि तो राज्याने रीतसर खोडून काढला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी होल्डनला संत ठरवायची काही गरज नाही, आणि तसा तो नव्हताही.

त्याचा जन्म 1818 चा, हिल्सबरोजवळचा. बाप गिरणीवाला, आईशी त्याचं लग्न झालेलं नव्हतं. पुढे बापाच्या लग्नाच्या बायकोने पोराला घरात घेतलं. दहाव्या वर्षी तो हिल्सबरोच्या छापखान्यात खिळे जुळवायला लागला. शिक्षण असं ते तिथेच झालं. 1841 मध्ये वकिलीची सनद मिळवली आणि 1843 मध्ये राजधानी रॅलीचं 'नॉर्थ कॅरोलिना स्टँडर्ड' हे वर्तमानपत्र हातात घेतलं. ते डेमोक्रॅटिक पक्षाचं मुखपत्र होतं, आणि होल्डन तोवर विरोधी व्हिग पक्षातला. पत्र मिळालं तसा पक्षही बदलला. पुढच्या पंधराएक वर्षांत राज्यात कोण निवडून येणार, हे बऱ्याच अंशी होल्डनची लेखणी ठरवू लागली. स्वतः गव्हर्नर व्हायची वेळ आली तेव्हा मात्र, 1858 मध्ये, पक्षातल्या जमीनदार मंडळींनी त्याला उमेदवारी नाकारून जॉन एलिसला दिली. लग्नाशिवाय जन्मलेला छापखान्यातला पोरगा त्यांच्यासाठी लेख लिहीपर्यंत ठीक होता.

गुलामगिरीच्या बाजूने त्याने वर्षानुवर्षं लिहिलं आणि स्वतःच्या घरीही गुलाम राखले. 1860 मध्ये तो संघराज्य टिकावं म्हणू लागला, आणि 20 मे 1861 ला, यादवी युद्ध पेटल्यावर, राज्य संघराज्यातून फुटून निघालं तेव्हा त्या ठरावावर सहीही करून बसला. 1862 मध्ये त्याने झेब्युलन व्हान्सला गव्हर्नर करायला जिवाचं रान केलं, आणि 1864 मध्ये त्याच व्हान्सविरुद्ध उभा राहिला. एवढ्या कोलांट्या मारणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, असं त्याचे समकालीन विचारत आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

तरी त्या 1864 च्या निवडणुकीपाशी थोडं थांबायला हवं. गेटिसबर्गच्या लढाईत दक्षिणेचा पराभव झाल्यानंतर युद्ध हरल्यात जमा आहे आणि गरिबांची पोरं फुकट मरताहेत, असं होल्डन 'स्टँडर्ड'मधून उघड लिहू लागला. तहाच्या सभा गावोगाव भरल्या. सप्टेंबर 1863 मध्ये रॅलीतून जाणाऱ्या जॉर्जियाच्या सैनिकांनी रात्री 'स्टँडर्ड'ची कचेरी फोडली, खिळे रस्त्यावर उधळले. दुसऱ्या दिवशी सकाळी होल्डनच्या माणसांनी युद्धवाद्यांच्या 'स्टेट जर्नल'ची तीच गत केली. शेवटी 1864 मध्ये पाचातली चार मतं व्हान्सला पडली. वारं बघून पाठ फिरवणारा म्हणून होल्डन बदनाम आहे, पण ऐन युद्धात तहाची बाजू घेणं हा काही फायद्याचा सौदा नव्हता.

युद्ध संपल्यावर राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने मे 1865 मध्ये त्याला हंगामी गव्हर्नर नेमलं. त्याच साली झालेल्या निवडणुकीत तो जोनाथन वर्थकडून हरला. मग तो रिपब्लिकन झाला आणि 1868 मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतांसह खराखुरा निवडून आला. त्या वर्षीच्या नव्या राज्यघटनेने सगळ्या प्रौढ पुरुषांना मत दिलं, सरकारी शाळा काढायचं बंधन घातलं आणि जिल्ह्याचे कारभारी जमीनदारांच्या शिफारशीवर न ठेवता निवडून आणायचं ठरवलं. जुन्या घराण्यांचं खरं दुखणं इथे होतं. कालपर्यंत विकत घेतलेला माणूस आज गावच्या कमिटीवर बसतो आणि शिपायाचा बिल्ला लावून फिरतो, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

अलामान्स काउंटीच्या (काउंटी म्हणजे जिल्हा) ग्रॅहॅम गावात वायट आउटलॉ नेमका असा माणूस होता. लाकूडकामाचं दुकान चालवायचा, युद्धात संघराज्याच्या सैन्यात होता, युनियन लीग या रिपब्लिकनांच्या संघटनेचा स्थानिक पुढारी होता आणि गावचा कमिशनर होता. 26 फेब्रुवारी 1870 च्या रात्री बुरखेवाल्या टोळीने त्याला घरच्यांच्या समोरून ओढत नेलं आणि कोर्टाच्या चौकातल्या एल्मच्या झाडाला फाशी दिलं. छातीवर चिठ्ठी लावली : अपराध्यांनो, सावध राहा, काळे आणि गोरे दोन्ही. मारेकऱ्यांपैकी काहींना आपण ओळखलं, असं विल्यम प्युरियर नावाचा एक कृष्णवर्णीय बोलून गेला. तो पुढे तळ्यात बुडवलेला सापडला. साक्ष द्यायला मग कोण पुढे येणार?

मेमध्ये शेजारच्या कॅसवेल काउंटीत जे झालं ते याहून धीट होतं. तिथला गोरा रिपब्लिकन सिनेटर जॉन स्टीव्हन्स 21 मे रोजी यान्सीव्हिलच्या कोर्टात विरोधकांच्या जाहीर सभेला जाऊन टिपणं घेत बसला होता. खिशात तीन पिस्तुलं, म्हणजे जिवाला धोका आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वरच्या मजल्यावर भाषणं चालू असताना माजी शेरीफ फ्रँक वायली त्याला बोलायचं आहे म्हणून खाली घेऊन गेला. खालच्या खोलीत माणसं दबा धरून होती. त्यांनी पिस्तुलं काढून घेतली, गळ्यात दोर आवळला, भोसकलं आणि प्रेत तिथल्याच सरपणावर टाकून खोलीला कुलूप लावलं. किल्ली ओढ्यात फेकून दिली. हे सगळं आपल्याला माहीत आहे ते जॉन ली नावाच्या माणसामुळे. कॅसवेलमधल्या क्लॅनचा म्होरक्या असलेल्या या लीने 1919 मध्ये कबुलीजबाब लिहून राज्याच्या इतिहास मंडळाकडे दिला, आपण मेल्यावरच उघडायचा या अटीवर. तो 1935 मध्ये वारला. म्हणजे भरदिवसा सरकारी इमारतीत झालेल्या आमदाराच्या खुनाचा उलगडा व्हायला 65 वर्षं लागली, आणि तोही खुन्यांच्या सोयीने झाला.

अशा वेळी गव्हर्नरने करायचं काय? होल्डनवर टीका करणाऱ्यांनी याचं उत्तर कधी सरळ दिलेलं मला आढळलं नाही. शेरीफ क्लॅनमध्ये, ज्युरीत क्लॅनवाले, साक्षीदार भेदरलेले किंवा मेलेले. होल्डनने सुरुवातीला जाहीरनामे काढले, वजनदार मंडळींना मध्यस्थ घातलं, वॉशिंग्टनकडे मदत मागितली. जानेवारी 1870 मध्ये अलामान्सच्याच सिनेटर शॉफ्नरने मांडलेला कायदा मंजूर झाला. एखादी काउंटी बंडखोर आहे असं जाहीर करून तिथे फौज पाठवायचा अधिकार त्याने गव्हर्नरला मिळाला. शॉफ्नरला मारून टाकायचा बेत क्लॅनने लगेच आखला. तो वाचला, पण राज्य सोडून गेला. मार्चमध्ये अलामान्स आणि जुलैमध्ये कॅसवेल बंडखोर जाहीर झाली. टेनेसीचा जॉर्ज कर्क सहाएकशे माणसं घेऊन उतरला आणि शंभराच्या आसपास लोकांना धरलं. इतिहासात याला 'कर्क–होल्डन युद्ध' म्हणतात. नाव दांडगं असलं तरी लढाई कुठेही झाली नाही.

आता होल्डनच्या चुका. 1868 ची राज्यघटना स्वच्छ सांगत होती की हेबियस कॉर्पसचा, म्हणजे पकडलेल्या माणसाला कोर्टासमोर हजर करायला लावण्याचा, हक्क स्थगित करता येणार नाही. शॉफ्नरच्या कायद्यातही तो अधिकार दिलेला नव्हता. पकडलेल्यांच्या वकिलांनी सरन्यायाधीश रिचमंड पिअर्सनकडे धाव घेतली आणि पिअर्सनने माणसं हजर करा असा हुकूम काढला. कर्कने तो जुमानला नाही आणि होल्डनने कर्कला पाठीशी घातलं. न्यायसंस्थेची शक्ती इथे संपली, असं म्हणून पिअर्सन हात झटकून बसला. फौजेतल्या बर्गेन नावाच्या अधिकाऱ्याने काही कैद्यांच्या गळ्यात दोर अडकवून कबुलीजबाब काढायचा प्रयत्न केला. याला छळ म्हणतात, दुसरं नाव नाही. पकडलेल्यांवर लष्करी न्यायासन बसवायचाही होल्डनचा बेत होता.

भरीला 'सेंटिनेल'चा संपादक जोसाया टर्नर. दुसऱ्याची अब्रू काढण्यात या माणसाचा हात धरणारा राज्यात कोणी नव्हता, आणि मेलेल्या स्टीव्हन्सला 'चिकन' म्हणून हिणवणारंही हेच वर्तमानपत्र. हिंमत असेल तर मला पकड, असं आव्हान त्याने होल्डनला छापून दिलं. ऑगस्टच्या सुरुवातीला टर्नरला पकडलंही, पण ऑरेंज काउंटीतल्या हिल्सबरोतून, आणि ऑरेंज काही बंडखोर जाहीर झालेली नव्हती. यान्सीव्हिलला नेऊन त्याला ठेवलं ते स्टीव्हन्सचा मुडदा पडला होता त्या खोलीत. सूड म्हणून हे कोणाला रुचेलही, पण कायद्यात ते बसत नाही. एका संपादकाने दुसऱ्या संपादकाला असं उचलावं, आणि तेही स्वतःची कचेरी सात वर्षांपूर्वी सैनिकांनी फोडलेली असताना, हे मला आजही पटत नाही.

आणीबाणी आठवणाऱ्या मराठी वाचकाला हे वाचून अंगावर काटा येईल, आणि यायलाच हवा. 1976 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितलं होतं की आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला हेबियस कॉर्पससाठी कोर्टात येता येणार नाही. एकटे न्या. खन्ना विरोधात उभे राहिले. मग त्याच कारणासाठी होल्डन गेला तर बिघडलं कुठे, असं कोणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. सत्तेवरचा प्रत्येक जण परिस्थिती असाधारण आहे असंच सांगतो.

पण अशा सत्ताधीशाला तपासायची एक कसोटी आहे. हातातली फौज त्याने स्वतःची खुर्ची वाचवायला वापरली का, आणि नाही म्हणणारं कोर्ट समोर आल्यावर त्याने काय केलं? फौज मैदानात असतानाच, 4 ऑगस्ट 1870 ला, विधिमंडळाची निवडणूक ठरल्या दिवशी झाली. होल्डनचा पक्ष सपशेल हरला. त्याने निवडणूक पुढे ढकलली नाही, निकाल फिरवला नाही, नव्या विधिमंडळाला बसण्यापासून अडवलं नाही. आपल्याला काढणाऱ्या सभागृहाला त्याने स्वतःच वाट करून दिली. त्याच महिन्यात संघराज्याचे न्यायाधीश जॉर्ज ब्रूक्स यांनी कैदी हजर करा म्हणून हुकूम काढला. ऐका, असा सल्ला वॉशिंग्टनहून आला आणि होल्डनने ऐकलं. लष्करी न्यायासन कधी बसलंच नाही. कैदी सुटले, शिक्षा एकालाही झाली नाही. काही आठवडे बेकायदा कोठडी, एका अधिकाऱ्याने केलेला छळ आणि एका संपादकाची चुकीची अटक, हा त्याचा अपराध. तो लहान म्हणता येणार नाही, पण पलीकडच्या पारड्यात आउटलॉ, प्युरियर, स्टीव्हन्स आणि रात्री दारावर थाप पडली की शेताकडे पळणारी शेकडो कुटुंबं आहेत.

ब्रूक्स यांनी हुकूम काढला तो चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारावर. गुलामीतून सुटलेल्यांना राज्य सरकारांच्या मनमानीपासून वाचवायला 1868 मध्ये ही दुरुस्ती आली. पुढच्या दोनच वर्षांत या राज्यात तिचा ठळक उपयोग झाला तो त्याच लोकांना फासावर लटकवल्याचा संशय असलेल्यांना सोडवायला. ब्रूक्स कायद्याने चुकले असं मी म्हणत नाही. आउटलॉच्या घरच्यांना हा निवाडा समजावून सांगायची पाळी मात्र कोणावर आली नाही.

महाभियोगाचा ठराव डिसेंबर 1870 मध्ये मांडला तो ऑरेंज काउंटीच्या फ्रेडरिक स्ट्रडविकने. हा स्ट्रडविक क्लॅनमधला. सिनेटर शॉफ्नरला मारायला निघालेल्या टोळीशी ज्याचं नाव जोडलेलं आहे, तोच हा. म्हणजे ज्या कायद्याच्या कर्त्याला संपवायला गेले, त्याच कायद्याच्या वापराबद्दल गव्हर्नरला सभागृहात उभं करायला तेच पुढे. विधिमंडळातल्या कृष्णवर्णीय सदस्यांना काय चाललंय ते नीट कळत होतं. त्यांनी आपल्या लोकांसाठी पत्रक काढून उपवासाचा आणि प्रार्थनेचा दिवस पाळायला सांगितलं. आपल्याला माणूस म्हणून वागवल्याची शिक्षा होल्डनला होते आहे, असा त्या पत्रकाचा रोख होता. त्यात मला अतिशयोक्ती दिसत नाही.

सिनेटमध्ये खटला चालला तेव्हा अध्यक्षस्थानी होता पिअर्सन, सहा महिन्यांपूर्वी हात झटकून बसलेला. निकालाचा तपशील बारकाईने बघण्यासारखा आहे. पहिल्या दोन आरोपांवर होल्डन सुटला. अलामान्स आणि कॅसवेल बंडखोर जाहीर करणं बेकायदा होतं, असे ते दोन आरोप होते आणि त्यांना लागणारं दोन तृतीयांश मत मिळालं नाही. उरलेल्या सहांवर तो दोषी ठरला. थोडक्यात, तिथे बंड होतं ही गोष्ट त्याच्या वैऱ्यांनी भरलेल्या सभागृहालाही खोटी ठरवता आली नाही, पण ते मोडायला निघालेला माणूस दोषी. पद गेलंच, शिवाय राज्यात सन्मानाचं, विश्वासाचं वा लाभाचं कोणतंही पद पुन्हा मिळणार नाही अशी कायमची बंदी आली.

त्यानंतर महिनाही उलटला नव्हता. 20 एप्रिल 1871 ला संघराज्याच्या काँग्रेसने क्लॅनविरोधी कायदा केला आणि गरज पडेल तिथे हेबियस कॉर्पस स्थगित करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला दिला. राष्ट्राध्यक्ष ग्रँटने ऑक्टोबरमध्ये तो शेजारच्या साउथ कॅरोलिनातल्या नऊ काउंट्यांत वापरला, शेकडो माणसं पकडली आणि तिथल्या क्लॅनचं कंबरडं मोडलं. होल्डन ज्यासाठी गेला तेच काम, फरक एवढाच की ग्रँटच्या हातात कायदा होता. हा फरक मोलाचा आहे, मला मान्य आहे. पण होल्डनकडे कायदा नव्हता म्हणून त्याला दोष देणाऱ्यांनी पुढे स्वतः कोणते कायदे केले, तेही बघू.

न्यायाधीश अल्बियन टूर्झे यांच्या पाठपुराव्यामुळे अलामान्सच्या ज्युरीने 63 क्लॅनवाल्यांवर आरोप ठेवले, त्यांतल्या 18 जणांवर आउटलॉच्या खुनाचा. (हेच टूर्झे पुढे, गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसल्याबद्दल पकडलेल्या होमर प्लेसीचे वकील म्हणून सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले आणि 1896 मध्ये हरले.) होल्डनला काढणाऱ्या पक्षाने ज्या कायद्यांवर यातले खटले उभे होते ते आधी रद्द केले आणि 1873 मध्ये गुप्त संघटनांच्या सदस्यांना सरसकट क्षमादान दिलं. खटले कोसळले. आउटलॉच्या खुनासाठी कोणी तुरुंगात गेलं नाही. घटनेतल्या एका कलमासाठी गव्हर्नरला उखडून टाकणाऱ्यांचं हे कायद्यावरचं प्रेम.

याच 1873 मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. पुण्याहून दिसणारी अमेरिका खरीच होती, गेटिसबर्गला रक्त सांडलेलं होतंच. पण रॅलीत त्याच वर्षी काय चाललं होतं ते जोतीरावांना कळायला मार्ग नव्हता. कळलं असतं तर शूद्रातिशूद्रांना वरचढ होऊ न देण्याची भटशाहीची कला त्यांनी तिथेही अचूक ओळखली असती, याबद्दल मला शंका नाही.

होल्डनची खरी बदनामी त्याच्या मृत्यूनंतर झाली. राज्याने बंदी घातली तरी संघराज्याचं पद राज्याच्या हातात नव्हतं. ग्रँटने त्याला 1873 मध्ये रॅलीचा पोस्टमास्तर नेमलं आणि ज्या शहरातून त्याला हाकललं तिथेच तो 1881 पर्यंत पत्रं वाटत बसला. मार्च 1892 मध्ये तो गेला. व्हान्स मात्र 1877 मध्ये पुन्हा गव्हर्नर झाला, मग मरेपर्यंत संघराज्याचा सिनेटर राहिला. त्याच्या नावाने 1881 मध्ये काउंटी निघाली, अ‍ॅशव्हिलच्या भर चौकात दगडी स्तंभ उभा राहिला, 1916 मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये पुतळा बसला. राज्यात 100 काउंट्या आहेत, होल्डनच्या नावाची एकही नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या प्रा. डनिंगच्या शिष्यांनी दक्षिणेतल्या राज्याराज्यांचा इतिहास लिहून काढला. त्यात युद्धानंतरची वर्षं म्हणजे लुटारू आणि अडाणी यांचा धिंगाणा, आणि क्लॅन म्हणजे नाइलाजाने शस्त्र उचललेले सद्गृहस्थ. शाळेत दोन-तीन पिढ्या हेच शिकल्या. ग्रॅहॅमच्या कोर्टासमोर, आउटलॉला लटकवलं त्याच चौकात, 1914 मध्ये कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेच्या, सैनिकाचा पुतळा बसवला. तो हलवावा म्हणून 2020 मध्ये मोर्चे निघाले, तरी तो जागचा हलला नाही. अ‍ॅशव्हिलचा व्हान्सचा स्तंभ मात्र 2021 मध्ये उतरवला.

पुतळे पाडणं हा माझा विषय नाही. त्या भांडणात बराच आवाज होतो आणि कागद तसेच राहतात. होल्डनचं प्रकरण कागदाचं आहे. 12 एप्रिल 2011 ला नॉर्थ कॅरोलिनाच्या सिनेटने जुन्या कॅपिटॉलमध्ये, जिथे त्याच्यावर खटला चालला त्याच इमारतीत, बैठक भरवली आणि 48 विरुद्ध 0 मतांनी होल्डनला माफी दिली. त्याआधी होल्डनला शिव्या घालणारं एक पत्रक सदस्यांत फिरलं, त्यामुळे मतदान थोडं लांबलं, म्हणजे 140 वर्षांनंतरही विषय थंड झालेला नव्हता. या ठरावाचं सगळीकडे कौतुक झालं.

मला ते कौतुक अर्धवट वाटतं. माफी गुन्हेगाराला देतात. माफीमुळे शिक्षा सुटते, अपराध सिद्ध झाल्याचा निकाल तिथेच राहतो. होल्डनला मरून 119 वर्षं झाली होती, सुटण्यासारखी शिक्षाच शिल्लक नव्हती. राहण्यासारखं होतं ते फक्त दोषी असल्याचं ते कलम, आणि नेमकं तेच राहिलं. शिवाय माफी देणाऱ्या सभागृहाला स्वतःबद्दल एक अक्षरही बोलावं लागत नाही. 1871 मध्ये आम्ही चुकलो, असं म्हणायची वेळच येत नाही.

यावर सांगतात की महाभियोगाचा निकाल मागे घ्यायची तरतूद नाही, पुढच्या विधिमंडळाने जुन्या विधिमंडळाचे निवाडे पुसत बसू नये, नाहीतर प्रत्येक बहुमत आपल्या सोयीचा इतिहास लिहील. या आक्षेपात दम आहे, पण अशी वाट आधी मळलेली आहे. अमेरिकेच्या सिनेटने 1834 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॅक्सनवर निषेधाचा ठराव केला होता. जानेवारी 1837 मध्ये त्याच सिनेटने कारकुनाला मूळ नोंदवही सभागृहात आणायला लावली, ठरावाभोवती काळ्या शाईच्या रेघा ओढायला लावल्या आणि त्यावर, सिनेटच्या हुकमाने रद्द, असं लिहून घेतलं. मूळ शब्द आजही वाचता येतात. पुसलं काहीच नाही, फक्त ते आता सभागृहाचं मत नाही एवढं नोंदवलं. जॅक्सन जिवंत होता आणि त्याचा पक्ष बहुमतात होता, म्हणून हे जमलं, हेही खरं.

आपल्याकडचं उदाहरण याहून चांगलं आहे. 1976 च्या त्या निकालातल्या चार न्यायाधीशांपैकी एक पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. 2017 मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल चुकीचा होता असं स्वच्छ शब्दांत सांगून रद्दबातल केला, आणि ते लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. कोणी कोणाला माफ केलं नाही. एका संस्थेने आपल्याच जुन्या निकालाकडे पाहून तो चूक असल्याचं सांगितलं, कारणंही दिली, आणि पुढच्या वकिलाला त्या निकालाचा आधार घेता येणार नाही अशी सोय केली.

नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळाला हे करता येण्यासारखं आहे. 1871 च्या सहा कलमांपैकी टर्नरच्या अटकेबद्दलचं कलम त्यांनी खुशाल ठेवावं, कैदी हजर न केल्याचंही ठेवावं. होल्डन तिथे चुकला, आणि तसं लिहिल्याने त्याच्या बाजूचं काही जात नाही. पण त्या चुकीला पदच्युती आणि जन्मभराची बंदी ही शिक्षा नव्हती, ती देणाऱ्या सभागृहात क्लॅनची माणसं बसली होती, आणि खुन्यांना मोकळं सोडणं हा या सगळ्याचा पुढचा टप्पा होता, हेही त्याच ठरावात आलं पाहिजे. तसं यायचं तर 1873 च्या क्षमादानाचं नाव घ्यावं लागेल, आणि मग आउटलॉ, प्युरियर आणि स्टीव्हन्स यांचीही नावं घ्यावी लागतील. मेलेल्या गव्हर्नरला मोठ्या मनाने माफ करणं सोपं असतं, त्यात कोणाच्या आजोबा-पणजोबांचं नाव येत नाही. क्षमादानाचा तो कायदा चुकीचा होता असा ठराव याच सभागृहात मांडला, तर तोही 48 विरुद्ध 0 होतो का, ते मला बघायचं आहे.